वाऱ्याचा हिशेब मांडणारे फजलूर रहमान खान

इमारतीला फक्त वरचे वजन पेलायचे असते, असा आपला समज असतो. पण वारा आणि भूकंप तिला बाजूने ढकलतात. या आडव्या धक्क्याचा हिशेब ज्यांनी नव्याने मांडला, त्या मरहूम फजलूर रहमान खान यांची ओळख रमजानच्या निमित्ताने करून घेऊ.

जन्म ३ एप्रिल १९२९, ढाका. वडील गणिताचे शिक्षक. शिबपूर आणि ढाका येथे स्थापत्यशास्त्र शिकून १९५२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवून शिकागोत नोकरीला लागले.

खांब-तुळयांचा सांगाडा वाऱ्यात खालच्या मजल्यांशी जास्त सरकतो. काँक्रीटची उभी भिंत मात्र काठीसारखी वाकते आणि शेंड्याला जास्त झुकते. दोन्ही जोडल्या, तर खाली भिंत सांगाड्याला आवरते आणि वर सांगाडा भिंतीला. संगणक दुर्मीळ असताना हे गणित हाताने कसे सोडवायचे, हे खान यांनी एका सहकाऱ्यासोबत १९६४ च्या शोधनिबंधात दाखवले.

दुसरी कल्पना नळीची. खांब बाहेरच्या कडेला जवळजवळ लावले की सारी इमारतच पोकळ नळी बनते. आपल्याकडचा बांबू पोकळ असूनही वादळात तग धरतो, तसेच हे. शिकागोच्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरला त्यांनी बाहेरून तिरपे पोलादी आडबंध दिले. ११० मजली सीअर्स टॉवरसाठी नऊ नळ्यांची मोळी बांधली; तो दोन दशकांहून अधिक काळ जगातील सर्वांत उंच इमारत होता. आकडेमोडीआधी ते स्वतःला इमारतीच्या जागी कल्पून कुठला भाग ताणला जातो, कुठला दाबला जातो, याचा अंदाज घेत.

१९७१ मध्ये बांगलादेशातील पीडितांसाठी त्यांनी शिकागोत मदतकार्य उभारले. हज यात्रेकरूंसाठी जेद्दाह विमानतळावर तंबूंच्या छताचे टर्मिनल उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच शहरात २७ मार्च १९८२ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. दफन शिकागोत झाले.

आपल्याला शंभर मजले बांधायचे नाहीत. पण ११ डिसेंबर १९६७ रोजी हादरलेली कोयना पोलादपूरहून घाटापलीकडेच आहे, आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ रायगडने सोसले आहे. त्याच वर्षी २४ ऑगस्टला महाडच्या काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण गेले. तेव्हा ना भूकंप होता, ना चक्रीवादळ.

आज गावोगावी खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींचे मजले दिसतात. आडव्या धक्क्यात असा मोकळा मजलाच आधी दगा देतो, म्हणून त्याचे खांब वेगळ्या हिशेबाने मजबूत करावे लागतात. इस्लाममध्ये विश्वासाने सोपवलेल्या गोष्टीला अमानत म्हणतात. घर घेणारा आयुष्यभराची कमाई आणि मुलाबाळांचा जीव बांधणाऱ्याच्या हाती सोपवतो, ही अमानतच. म्हणून फ्लॅट बुक करताना फरशीचा रंग नंतर पाहावा. आधी विचारावे, भूकंप आणि वाऱ्याचा हिशेब कोणत्या अभियंत्याने केला, आणि त्याच्या सहीचे नकाशे दाखवायला सांगावे. हा प्रश्न विचारायला कुणीही संकोचू नये.