विल्यम लॅम्ब्टन : एका आधाररेषेचा उपासक

शाळा सोडल्यावर तुमच्यापैकी काहीजण अभियांत्रिकी महाविद्यालयात जातील. तेथे भूमापनाच्या आरंभीच्या तासिकांतच हाती साखळी व खुंट्या देऊन तुम्हांस मैदानात उभे करतील आणि एकच सरळ रेषा पुनःपुन्हा मोजावयास लावतील. उन्हात हे काम कंटाळवाणे वाटणे स्वाभाविक आहे. मी पडलो वाङ्मयाचा पदवीधर. साखळी कधी हाती धरली नाही. परंतु अशा रेषांपायी ज्याने वीस वर्षे वेचली, त्या विल्यम लॅम्ब्टनचे चरित्र मला विलक्षण वाटते.

सुमारे १७५३ साली यॉर्कशायरमधील एका सामान्य घरात तो जन्मला. सैन्यात शिरला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कैद झाला, पुढे कॅनडात असता सूर्यग्रहण पाहताना एका डोळ्याने अधू झाला. गणिताचा व्यासंग मात्र त्याने तेथील एकांतातही सोडला नाही. हिंदुस्थानात आला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत, अंधाऱ्या रात्री इंग्रजांची एक तुकडी वाट चुकून शत्रूकडेच चालली असता, ताऱ्यांवरून ती चूक त्यानेच ओळखली.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्याने आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. लांबी अवघी ७.५ मैल; पण दिवस लागले ५७! १०० फुटांची पोलादी साखळी ४०० वेळा मांडावी लागली. उष्णतेने पोलाद प्रसरण पावते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, तंबूच्या सावलीत ठेवून शेजारी उष्णतामापक. एवढा काटेकोरपणा कशासाठी? त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन्ही टोकांचे कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचावयाचे. पहिल्या रेषेत चूक राहिली, तर ती शेकडो मैलांपर्यंत वाढतच जाणार.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र होते अर्धा टन वजनाचे. विलायतेहून येताना त्याचे जहाजच फ्रेंचांनी पकडले. पण मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने यंत्र सौजन्याने पुढे पाठविले. १८०८ साली तंजावरास (तेथे तेव्हा आपल्या भोसल्यांचीच गादी होती) बृहदीश्वराच्या उत्तुंग शिखरावर ते चढवीत असता दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे अंशांकित चक्र वाकले. साऱ्या मोजणीचा आधारच गेला! नवे यंत्र मागवावे तर काळ किती जाणार? लॅम्ब्टन तंबूत बसला आणि पाचरी व स्क्रू लावून सुमारे सहा आठवड्यांत त्याने ते चक्र केसाकेसाने पूर्ववत् केले. मला तो सर्वांत थोर दिसतो, तो येथे.

ही मोजणी कंपनी सरकारच्या सत्तेस उपकारक होती, हे विसरता येत नाही. ते अवजड यंत्र डोंगरमाथ्यांवर वाहून नेणाऱ्या आपल्या खलाशांची नावेही इतिहासात क्वचितच आढळतात.

दक्षिणेकडून त्रिकोणांची माळ गुंफीत लॅम्ब्टन उत्तरेकडे सरकत राहिला. वय सत्तरीच्या घरात, प्रकृती ढासळलेली. तरी हैदराबादेहून नागपूरकडे निघालाच. वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्याचे देहावसान झाले. माळवा त्याला दिसला नाही. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे १८२४-२५ मध्ये आपल्या माळव्यातील सिरोंज येथे नवी आधाररेषा मोजली. आणि अधिक सूक्ष्म साधने हाती आल्यावर, १८३७ साली, तीच रेषा पुन्हा मोजली.