सव्वाशे वर्षांची नवी गाडी

गाडीचा विषय निघाला की सध्या आमच्या घरात दोन तट पडतात. चिरंजीवांना हायब्रीड हवी, तर सौ.ना तिची किंमत ऐकूनच ती नको वाटते. दोन डगरींवर पाय ठेवू नये, हे ऐकत वाढलेला मी! पेट्रोल आणि वीज या दोन्हींवर चालणारी गाडी मला आजकालचे खूळ वाटे. वाचत गेलो, तेव्हा फर्डिनांड पोर्शे भेटला आणि हे खूळ सव्वाशे वर्षांचे निघाले.

पोर्शेचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा. गाव बोहेमियातले माफर्सडॉर्फ, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे कारागीर. मुलाने दुकान सांभाळावे ही त्यांची इच्छा, पण पोराला वेड विजेचे. ऐन तारुण्यात त्याने राहत्या घरी विजेचे दिवे लावले आणि अठराव्या वर्षी व्हिएन्नाला विजेच्या कारखान्यात नोकरी धरली.

पुढे बग्ग्या बनवणाऱ्या लोनर कंपनीसाठी त्याने विजेची मोटार घडवली. मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसवलेली! १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती गाजली. अडचण एकच होती, शिशाच्या बॅटरीचे वजन. गाडीची बरीच ताकद बॅटरी वाहण्यातच जाई.

त्यावर पोर्शेने त्याच वर्षी साधी युक्ती काढली. बॅटरीचे ७४ घट होते, ते ४४ केले आणि गाडीत दोन छोटी पेट्रोल इंजिने बसवली. इंजिनांनी फक्त वीज तयार करायची, चाके फिरवायची ती विजेने. या गाडीचे नाव त्याने लॅटिनमध्ये सेम्पर व्हिव्हस, म्हणजे सदैव जिवंत, असे ठेवले. पण गाडी जड आणि महाग होती. साध्या पेट्रोल गाड्यांनी बाजार काबीज केला आणि ही सदैव जिवंत गाडी विस्मृतीत गेली.

युक्ती मात्र मेली नाही, ती युद्धावर गेली. पहिल्या महायुद्धात तिने ऑस्ट्रियाच्या अवजड तोफा ओढल्या. १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरलेले, रणगाडे फोडणारे जर्मन वाहन याच पद्धतीने चाले. त्याला नाव दिले होते फर्डिनांड! हिटलरच्या आवडत्या लोकमोटारीचा, फोक्सवॅगनचा, आराखडा करणारा पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला होता. फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकाळी हजारो लोकांना वेठीला धरून राबवले गेले. १९४५ च्या अखेरीस फ्रेंचांनी त्याला अटक केली, १९४७ मध्ये तो सुटला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टला वारला. त्याच्या बुद्धीला दाद देताना हा हिशेब मिटवून चालणार नाही. यंत्राला स्वतःचे पुण्य नसते, ते वापरणाऱ्याच्या हातात असते.

आपल्या अंगणातला हिशेबही तसाच आहे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली आणि हायब्रीड घरोघरच्या वापरात येऊ लागली. ब्रेक दाबला की एरवी उष्णतेत वाया जाणारी शक्ती हिच्यात बॅटरीत साठते आणि सिग्नलला इंजिन बंद होते. म्हणून खरी बचत शहरातल्या गर्दीत. महामार्गावर सलग धावताना ती बरीच घटते.

समजा, वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवले. लिटरला १५ ऐवजी २० किलोमीटर पडले, तर ८०० ऐवजी ६०० लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे २०० लिटरचे पैसे वाचतील आणि सुमारे ४६० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा टळेल. जादा मोजलेली किंमत यातून किती वर्षांत वसूल होते, ते ज्याने त्याने मांडावे. फिरणेच कमी असेल, तर ती वसूल होणारही नाही. आणि स्वस्त पडते म्हणून विनाकारण हिंडलो, तर बचतही गेली आणि हवाही.

आमचा निकाल अजून लागलेला नाही. शहरात किती किलोमीटर आणि महामार्गावर किती, हे महिनाभर वहीत लिहायचे ठरले आहे. वही सौ.कडे आहे!