वाळूतली कवचं निवडणारा आल्सिद दोर्बिन्यी

समुद्रावर गेलात तर चिमूटभर वाळू भिंगाखाली धरून पाहा. कधीकधी तीत टाचणीच्या डोक्याहूनही लहान कवचं सापडतात. त्यांना 'फोरामिनिफेरा' हे नाव देणारा माणूस आज भेटवायचा आहे.

आल्सिद दोर्बिन्यी १८०२ मध्ये फ्रान्समध्ये जन्मला. वडील जहाजावरचे डॉक्टर. पुढे कुटुंब ला रोशेलजवळच्या किनाऱ्यावर राहायला आलं आणि बापलेक वाळूतली कवचं निवडू लागले. १८२६ मध्ये आल्सिदने त्यांचं वर्गीकरण छापलं. लोकांना दिसावीत म्हणून त्यांच्या १०० मोठ्या प्रतिकृतीही केल्या. आपलं शैक्षणिक साहित्यच की!

गंमत अशी, की हे जीव त्याला माकूळाचे भाऊबंद वाटले होते. १८३५ मध्ये दुजार्दँने ते खूप साधे जीव असल्याचं दाखवलं. पुढे दोर्बिन्यीनेही ते मानलं. पण कवचं तीच होती ना! समुद्रतळाच्या गाळात ती थरावर थर साचतात, काळाबरोबर जाती बदलतात. म्हणून कुठली जात सापडली यावरून खडकाचं वय कळतं. १८४० मध्ये त्याने पॅरिसच्या पांढऱ्या खडूच्या खडकातली कवचं अभ्यासली, १८४६ मध्ये व्हिएन्नाजवळची.

एकेका कालखंडाअखेर सगळे जीव मरून नवे निर्माण होतात, हे त्याचं मत टिकलं नाही. त्याने दिलेली 'सेनोमेनियन', 'ट्युरोनियन' ही कालखंडांची नावं मात्र भूवैज्ञानिक अजून वापरतात. तो १८५७ मध्ये वारला. पुढे तेलविहिरी खोदताना मोठे शंख यंत्राखाली चुरडले जात, ही बारीक कवचं मात्र शाबूत वर येत.