चौकोनी डोक्याचा राक्षस आणि बोरिस कार्लोफ



मागच्या महिन्यात तिसरीच्या मुलांना सांगितलं, मनातल्या भुताचं चित्र काढा. बऱ्याच जणांनी मोकळे केस आणि पांढरी साडी काढली, ते अपेक्षितच होतं. पण चार वह्यांमध्ये एकच प्राणी निघाला. वरून सपाट चौकोनी डोकं, कपाळावर टाके, मानेत दोन बोल्ट, तोकडा कोट आणि रंग हिरवा. कुठे पाहिलं असं विचारल्यावर कोणी कार्टून सांगितलं, कोणी पेपरमधलं चित्र. मूळ सिनेमा एकानेही पाहिलेला नव्हता. कसा पाहणार? तो १९३१ सालचा आहे.

तो चेहरा ज्यांनी पडद्यावर जिवंत केला, त्या बोरिस कार्लोफ यांची माहिती आज बघूया. एके काळी लोकांना घाबरवणाऱ्या या चेहऱ्यावर पुढे व्यंगचित्रकारांनी मनसोक्त विनोद केले. त्याचं कारण मला त्यांच्या आयुष्यातच सापडतं.

त्यांचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, लंडन. नऊ भावंडांत सगळ्यात धाकटे. वडील हिंदुस्थानात मीठ महसूल खात्यात नोकरीला होते, आणि आईकडचं नातं तर थेट आपल्या अहमदनगरपर्यंत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरपर्यंत येतं. आईची मावशी ॲना लिओनोवेन्स हिचा जन्म १८३१ साली तिथे झाला. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली शिक्षिका ती हीच. आपलं मूळ हिंदुस्थानात आहे हे ॲनाने लपवलं आणि जन्म वेल्समधला सांगितला. कार्लोफ यांचा रंगही सावळा होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असा मुलगा वेगळा उठून दिसणारच.

त्यातच ते लहानपणी बोलताना अडखळायचे. अडखळणं त्यांनी प्रयत्नाने घालवलं, पण काही अक्षरांचा बोबडा उच्चार आयुष्यभर राहिला. (आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतं. माझ्या वर्गात आहे. प्रकट वाचनाची पाळी आली की तो पाणी प्यायला जायची परवानगी मागतो.) भाऊ सरकारी परराष्ट्र सेवेत गेले, यांनीही तिकडेच जावं असं घरच्यांना वाटत होतं. पण नाटकाचं वेड लागलेलं. १९०९ मध्ये ते कॅनडाला गेले, मजुरी केली, ट्रक चालवले, फिरत्या नाटक कंपन्यांत कामं केली आणि नाव बदलून बोरिस कार्लोफ झाले. पुढे हॉलिवूडमध्ये दहा-बारा वर्षं किरकोळ भूमिका मिळत राहिल्या.

मग १९३१. युनिव्हर्सल कंपनी मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीवर 'फ्रँकेन्स्टाईन' काढत होती, दिग्दर्शक जेम्स व्हेल. इथे एक चूक आपण सगळेच करतो. फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचं आहे. राक्षसाला नावच नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत तर राक्षसाची भूमिका करणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं!

रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज जवळपास चार तास त्यांचा चेहरा घडवायचे. मानेतले बोल्ट म्हणजे वीज आत सोडायची टोकं. चेहऱ्याला हिरवट-करडा रंग लावला, कारण कृष्णधवल फिल्मवर तो मेलेल्या माणसासारखा दिसतो. आपल्या मुलांच्या चित्रातला हिरवा रंग आला तो असा. गाल खोल दिसावा म्हणून कार्लोफ यांनी आपले कृत्रिम दात काढून ठेवले, आणि पापण्या जड करायची कल्पनाही त्यांचीच.

या भूमिकेत एकही शब्द नव्हता, नुसते हुंकार. त्यांनी राक्षस रंगवला तो नुकत्याच जन्मलेल्या, काहीच न कळणाऱ्या मुलासारखा. छतातून उजेड येतो तेव्हा तो हात वर करून तो धरू पाहतो. तळ्याकाठी एक छोटी मुलगी त्याला फुलं देते, दोघं ती पाण्यात सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर मुलगीही तरंगेल असं समजून तो तिलाच पाण्यात टाकतो. दुष्टपणा नाही, फक्त समज नाही. हा प्रसंग तेव्हा कापला गेला होता. ती बालकलाकार मोठेपणी सांगायची, की चित्रीकरणाला निघताना या अवतारातल्या कार्लोफ यांचा हात धरून ती त्यांच्याच गाडीत बसली.

मला वाटतं, व्यंगचित्रकारांना हेच सापडलं. एक तर चार रेघांत हा राक्षस ओळखू येतो, आणि एका चौकटीच्या विनोदात ओळख करून द्यायला जागा नसते. दुसरं म्हणजे तो गोंधळलेला आहे. अशा माणसाला रोजच्या कामात नेऊन ठेवलं, की विनोद तयार. 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात चार्ल्स ॲडम्स एक भयंकर कुटुंब काढायचे, त्यांचा उंच नोकर बघा, थेट हाच चेहरा. ॲडम्स यांच्या १९४२ च्या पहिल्या संग्रहाला प्रस्तावना कोणाची? कार्लोफ यांचीच! पुढे १९८० ते १९९५ वर्तमानपत्रांत येणाऱ्या गॅरी लार्सन यांच्या 'द फार साइड' मध्येही हा राक्षस अधूनमधून हजेरी लावायचा.

स्वतःवर हसायला ते कधी लाजले नाहीत. १९४१ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका विनोदी नाटकात त्यांनी असा खुनी केला, ज्याला कोणी बोरिस कार्लोफसारखा दिसतोस म्हटलं की राग येतो. प्रेक्षकांची काय अवस्था झाली असेल! नटांच्या संघटनेच्या सुरुवातीच्या सभासदांतही ते होते. १९६६ मध्ये मुलांच्या 'ग्रिंच' या कार्टूनला त्यांनी आवाज दिला आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला, आवाजासाठी! २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

हे सगळं मी वर्गात गोष्टीसारखं सांगितलं आणि म्हटलं, आता या राक्षसाला आपल्या गावात एखाद्या कामाला पाठवा. कोणी त्याला रेशनच्या रांगेत उभं केलं, कोणी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायला लावला. पाणी प्यायला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने त्याला न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं. न्हावी कात्री बाजूला ठेवून हातात पाना घेऊन उभा. वर्ग खो खो हसला, आणि चित्र कशाचं आहे ते त्याने अडखळत का होईना, स्वतः उभं राहून सांगितलं.