काँक्रीटमध्ये पाणी किती? डफ अब्राम्स यांची गोष्ट आणि माझा उखडलेला ड्राइव्हवे

आज एका अशा माणसाबद्दल सांगणार आहे, ज्याचं नाव सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. मीसुद्धा पुण्यात डिप्लोमा करताना केलं होतं. मग विसरलो, सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि शिकागोच्या एका उपनगरात घर घेतलं. त्या विसरण्याची किंमत मला डॉलरमध्ये मोजावी लागली.

झालं असं. घरासमोरचा जुना ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतचा काँक्रीटचा पट्टा, तोडून नवा करून घेतला. मिक्सर ट्रक आला. माल जरा घट्ट होता, फावड्याने पसरायला जड जात होता. कामगाराने पाइप घेतला आणि ड्रममध्ये पाणी सोडलं. मी शेजारीच उभा होतो. काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण गप्प बसलो. पहिल्याच हिवाळ्यानंतर बर्फ वितळला तेव्हा वरचे पोपडे निघाले होते आणि खालची खडी उघडी पडली होती.

कोण होते डफ अब्राम्स?

डफ अब्राम्स यांचा जन्म १८८० साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात झाला. शिक्षण इलिनॉय विद्यापीठात झालं आणि तिथल्याच प्रयोगशाळेत त्यांनी सुरुवातीची वर्षं काँक्रीटच्या चाचण्या घेण्यात घालवली. १९१४ मध्ये ते शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये आले. ही संस्था आणि पोर्टलँड सिमेंट असोसिएशन यांनी मिळून चालवलेल्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. म्हणजे ज्या माणसाचं म्हणणं मी विसरलो, त्याने ते माझ्या घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर शोधून काढलं होतं!

त्या काळी काँक्रीट कसं बनवत? एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. आपल्याकडे आजही गवंडी असंच मोजतात, घमेल्याने. पण पाणी? ते अंदाजाने. माल नीट पसरेल इतकं घाला, एवढाच नियम. त्यामुळे तेच सिमेंट, तीच खडी वापरूनही एक स्लॅब दगडासारखा, तर दुसरा भुसभुशीत. असं का होतं, याचं सोपं आणि हाताशी धरता येईल असं उत्तर कोणाकडे नव्हतं. फ्रान्समध्ये फेरे यांनी १८९० च्या दशकात या दिशेने काम केलं होतं, पण साइटवर वापरता येईल असा साधा नियम अजून यायचा होता.

नियम नेमका काय?

अब्राम्स यांनी हजारो नमुने ओतले, ठराविक दिवस ठेवले आणि दाबून फोडले. १९१८ मध्ये त्यांनी काँक्रीटच्या मिश्रणाबद्दलची पुस्तिका प्रसिद्ध केली, तोवर चाचण्यांची संख्या सुमारे ५०,००० वर गेली होती. एवढ्या आकड्यांतून निघालेली गोष्ट अगदी छोटी होती. मिश्रण नीट पसरण्याजोगं असेल, तर ताकद ठरते ती मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर.

सूत्र असं: १४,००० भागिले ७ चा क्ष घात. इथे क्ष म्हणजे पाण्याचं घनफळ भागिले सिमेंटचं घनफळ. आता उदाहरण बघू. एक घनफूट सिमेंटला एक घनफूट पाणी घातलं, तर उत्तर येतं २,००० पीएसआय. तेच पाणी पाऊण घनफूट केलं, तर साधारण ३,२५० पीएसआय. म्हणजे पाणी पाव भागाने कमी आणि ताकद ६० टक्क्यांहून जास्त! हे आकडे त्या काळच्या सिमेंटचे आहेत. आजचं सिमेंट जास्त ताकद देतं. पण पाणी वाढलं की ताकद घसरते, हे तसंच आहे.

कारण सोपं आहे. सिमेंटला घट्ट व्हायला थोडंच पाणी लागतं. उरलेलं पाणी उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या सोडतं.

वाळू-खडी किती बारीक किंवा जाड हे एका आकड्यात सांगणारा फाइननेस मॉड्युलसही अब्राम्स यांचाच. माल किती पातळ आहे ते बघायचा १२ इंची पत्र्याचा स्लम्प कोन रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अनेक देशांत त्याला अब्राम्स कोनच म्हणतात. पुढे ते अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं.

थंडीत गोष्ट वेगळी का?

पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के फुगतो. पोकळ्या जितक्या जास्त, तितकं पाणी आत शिरणार आणि तितकं आतून फुटणार. शिकागोत एका हिवाळ्यात हे गोठणं-वितळणं पुन्हा पुन्हा होतं. वर मीठ टाकलं की हाल आणखी वाढतात.

इथे एक गंमत आहे. नुसतं पाणी कमी करून भागत नाही. १९३० च्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं की काँक्रीटमध्ये मुद्दाम अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे सोडले, तर गोठताना पाण्याला सरकायला जागा मिळते. बुडबुड्यांनी ताकद थोडी कमी होते, पण पृष्ठभाग टिकतो. अब्राम्स यांच्या नियमाने सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण पुढच्यांना पाया मिळाला.

दुसऱ्यांदा मी काय केलं?

बाबा पीडब्ल्यूडीत सुपरवायझर होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना पोपडे दाखवले, तर त्यांनी ठेकेदाराचं नावही विचारलं नाही. पाणी कोणी वाढवलं आणि तेव्हा मी कुठे होतो, एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग सगळं तोडलं. यावेळी करारातच लिहून घेतलं: वजनाने पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५, हवा ६ टक्के, जाडी ५ इंच, खाली ठोकून बसवलेली खडी, दर १० फुटांवर जोड. माल सैल हवा असेल तर त्यासाठीचं रसायन घाला, पाणी नाही. काम मे महिन्यात केलं, म्हणजे हिवाळ्याआधी काँक्रीटला पिकायला वेळ मिळाला. वर आलेलं पाणी उडून जाईपर्यंत कोणाला थापी लावू दिली नाही. पहिल्या हिवाळ्यात मिठाऐवजी वाळू टाकली.

ट्रक आला तेव्हा कामगाराचा हात पुन्हा पाइपकडे गेला. यावेळी मी नाही म्हटलं. तो जरा नाराज झाला, पण थांबला.

तीन हिवाळे झाले. पोपडे नाहीत. तुमच्या घरचा कोबा असो वा स्लॅब, माल ओतताना तिथे उभे राहा आणि पाण्यावर लक्ष ठेवा. आणि चुकतंय असं वाटलं, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.