लीळांचे याचक म्हाइंभट

यादवकालीन महाराष्ट्रात विद्येला मान मोठा होता, आणि त्या मानाबरोबर येणारा मदही लहान नव्हता. सराळे येथील म्हाइंभट हे दोहोंचेही धनी. शास्त्रांत, विशेषतः प्रभाकर मीमांसेत, त्यांची गती असाधारण होती. गणपति आपयो हे त्यांचे विद्यागुरू. अन्य पंडित आपणांस तृणासमान आहेत हे जगास कळावे म्हणून ते पायांत गवत बांधीत आणि भर दिवसा दिवटी पाजळून हिंडत, असे परंपरा सांगते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरांची कीर्ती कानी आली तेव्हा ते गोदातीरी डोमेग्रामी गेले ते वाद जिंकण्याच्याच हेतूने. मोक्षाचा विषय निघाला आणि जन्मभर घोटलेल्या युक्ती एकामागून एक निकामी झाल्या. तो पराभव त्यांनी कबूल केला. पण हार मानणे वेगळे आणि शरण जाणे वेगळे. बुद्धीने पटलेले अंगी उतरावयास म्हाइंभटांना बराच काळ लागला. सर्वज्ञांच्या सन्निधानात कायमचे राहणे त्यांच्याकडून घडले नाही. शके ११९६ मध्ये, म्हणजे इ. स. १२७४ मध्ये, सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. हाती आलेले सन्निधान निसटले, ही खंत त्यांना लागली नसेल असे म्हणवत नाही.

पुढे ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत आणि आचार्य श्रीनागदेवांच्या आज्ञेत आले. आचार्यांचा अधिकार सर्वज्ञांच्या सन्निधानातून आलेला होता, ग्रंथांतून नव्हे. प्रभाकर जाणणाऱ्या पंडिताने अशा पुरुषापुढे शिष्य म्हणून बसावे, यात गवताचे ते पहिले बंधन सुटले.

दुसरे बंधन सुटले ते लीळासंग्रहात. रिद्धपुरी वाजेश्वरी येथे आचार्य सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत असत. ते स्मरण ग्रंथी बांधावे असे म्हाइंभटांनी विनविले व आचार्यांनी मान्य केले. आता अडचण अशी की या कामात शास्त्र कशाच्याच उपयोगी नव्हते. तर्काने एकही लीळा सिद्ध होत नाही. ज्याने पाहिली त्यानेच ती सांगावी लागते. आणि पाहणाऱ्यांत पंडित थोडे. स्त्रिया, शेतकरी, गावोगावचे साधे गृहस्थ पुष्कळ. ज्यांच्याशी पूर्वी बोलणेही म्हाइंभटांनी कमीपणाचे मानले असते, त्यांच्या दारी ते गेले. कोणी शेतात कामात असला तर त्याच्या मागे चालत ऐकावे, सवड नसली तर थांबावे, न सांगितले तर पुन्हा जावे, असा तो क्रम होता. ऐकलेले ते आचार्यांपुढे ठेवीत आणि आचार्य ते शोधून देत. वादात शब्दाला शब्द देणारा मनुष्य आपल्या लिखाणावर दुसऱ्याची दुरुस्ती मुकाट्याने घेऊ लागला. डोमेग्रामच्या पराभवाहून हे अवघड, कारण ते एकदाच घडले आणि हे रोज घडत होते.

जीव आपल्या बळाने अविद्येचा पडदा फाडू शकत नाही, ज्ञान परमेश्वराकडूनच यावे लागते, हे शास्त्र म्हाइंभटांनी निरूपणात ऐकले होते. दारोदार लीळा मागताना त्याचा अनुभव आला. मागणाऱ्याच्या हाती जे पडले ते मागितल्याने पडले, कमावल्याने नव्हे.

एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा रूपात हा ग्रंथ उभा राहिला. मराठीच्या गद्यात त्याला अग्रस्थान आहे. संस्कृतात लिहिणे म्हाइंभटांना कठीण नव्हते, तरीही ज्यांच्याकडून लीळा घेतल्या त्यांचीच भाषा त्यांनी राखली. विशेष असे की त्या लीळांत स्वतःचीही एक आहे. आपण कोणत्या मदाने डोमेग्रामी गेलो आणि तेथे काय झाले, हे त्यांनी इतरांच्या प्रसंगांसारखेच नोंदविले आहे. ग्रंथकर्त्याच्या हाती लेखणी असताना एवढे एक पान गाळणे सहज शक्य होते.

पुढे खालशाच्या धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली. तेव्हा ज्यांनी ती कंठी धरली होती त्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभे करावे लागले. त्यांपैकी एक हिराइसेच्या नावाने आजही ओळखला जातो.