लुई ब्लेरिओ : साडेछत्तीस मिनिटांत इंग्लिश खाडीपार

फ्रान्समधील कॅले आणि इंग्लंडमधील डोव्हर ही शहरे इंग्लिश खाडीच्या समोरासमोरच्या किनाऱ्यांवर वसलेली आहेत. २५ जुलै १९०९ रोजी फ्रेंच अभियंता लुई ब्लेरिओ यांनी या दोन शहरांमधील समुद्र सुमारे साडेछत्तीस मिनिटांत विमानाने पार केला. विमानाने ही खाडी ओलांडणारे ते पहिले वैमानिक ठरले.

ब्लेरिओ यांचा जन्म १ जुलै १८७२ रोजी उत्तर फ्रान्समधील कांब्रे येथे झाला. पॅरिस येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मोटारींसाठी ॲसिटिलीन वायूवर चालणारे दिवे तयार करण्याचा व्यवसाय उभारला. त्यातून मिळालेला पैसा मात्र विमानांच्या प्रयोगांत खर्च होऊ लागला. एकामागून एक विमाने कोसळली, अनेकदा ते स्वतः जखमी झाले. १९०९ पर्यंत त्यांची बहुतेक संपत्ती संपली होती.

खाडी विमानाने ओलांडणाऱ्यास लंडनच्या डेली मेल या वृत्तपत्राने एक हजार पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. ब्लेरिओ यांचे प्रतिस्पर्धी ह्युबर्ट लॅथम यांनी १९ जुलै रोजी प्रयत्न केला. परंतु इंजिन बंद पडल्याने त्यांना समुद्रात उतरावे लागले. ब्लेरिओ यांचा पाय त्यावेळी भाजलेला होता आणि ते कुबड्यांच्या आधाराने चालत होते.

२५ जुलैच्या पहाटे वारा पडला. लॅथम यांच्या तळावर सारे झोपेत असताना, सूर्योदयानंतर लगेचच ब्लेरिओ यांनी कॅलेजवळून उड्डाण केले. त्यांच्या अकराव्या नमुन्याच्या या विमानास २५ अश्वशक्तीचे इंजिन होते, होकायंत्र मात्र नव्हते. फ्रेंच विनाशिका मागे पडल्यावर सुमारे दहा मिनिटे त्यांना कोणताच किनारा दिसत नव्हता. अखेर इंग्लंडचे कडे दृष्टीस पडले आणि डोव्हरच्या किल्ल्याजवळ ते उतरले. जोरदार वाऱ्यामुळे विमान जमिनीवर आदळून त्याची चाके व पंखा मोडला. ब्लेरिओ मात्र सुखरूप होते.

या उड्डाणानंतर त्यांच्या विमानाला शंभराहून अधिक मागण्या आल्या आणि बुडत्या व्यवसायाला आधार मिळाला. केवळ समुद्रामुळे आपण सुरक्षित आहोत, हा ब्रिटनचा समजही डळमळीत झाला. १९१९ मध्ये लंडन व पॅरिस यांच्यात नियमित विमानसेवा सुरू झाली. तेव्हा या प्रवासाला सुमारे अडीच तास लागत. आज सव्वा तास पुरतो.

१ ऑगस्ट १९३६ रोजी पॅरिस येथे ब्लेरिओ यांचे निधन झाले. त्यांचे ते विमान पॅरिसच्या संग्रहालयात जतन करण्यात आले आहे. १९९४ मध्ये खुल्या झालेल्या खाडीखालील बोगद्यातून मोटारी वाहून नेणाऱ्या गाडीस पलीकडे पोहोचण्यास सुमारे ३५ मिनिटे लागतात, म्हणजे जवळजवळ ब्लेरिओ यांच्या उड्डाणाइतकीच.